कात्री कुठे आहे?

घर आवरण्यावरून हल्ली जो वाद रंगतो, त्यात दोन्ही बाजू एकाच मुद्द्यावर भांडतात: घर दिसतं कसं. एकीकडे मोकळी फडताळं, एकसारखे डबे, रंगांप्रमाणे लावलेले कपडे यांची छायाचित्रं, आणि घर आवरलेलं तर मन आवरलेलं असा दावा. दुसरीकडे या छायाचित्रांना विटलेली मंडळी. पसारा ही जिवंत घराची खूण आहे आणि कामाच्या माणसाचं टेबल भरलेलंच असणार, हे त्यांचं उत्तर. २०२३च्या जानेवारीत मारी कोंदो यांनी, म्हणजे जगाला आवरायला शिकवणाऱ्या जपानी बाईंनी, तिसऱ्या मुलानंतर आपलं घर पूर्वीसारखं आवरलेलं राहत नाही असं सांगून टाकलं. पहिल्या पक्षाला फसल्यासारखं वाटलं आणि दुसऱ्याने गुलाल उधळला. खरं तर त्या विधानाने कोणाचंच काही सिद्ध झालं नाही. तीन मुलांच्या घरात जमिनीवर खेळणी दिसली तर त्यात बातमी कसली? ती जागच्या जागी जायला पाच मिनिटं लागतात की पाऊण तास, आणि घरातल्या किती जणांना ती जागेवर ठेवता येतात, हे विचारायला हवं होतं.

घराच्या व्यवस्थेचा रोजच्या सुखाशी संबंध आहे आणि तो चांगला घट्ट आहे, असं माझं म्हणणं आहे. पण तो मुख्यतः डोळ्यांच्या वाटेने येत नाही, माहितीच्या वाटेने येतो. कोणती वस्तू कुठे असते, काय संपत आलंय, कुठला कागद कधी लागणार, ही सगळी माहिती एकाच माणसाच्या डोक्यात साठली की ते माणूस थकतं आणि बाकीचे परावलंबी होतात. तीच माहिती डोक्यातून काढून जागेत, उंचीत, चिठ्ठीत उतरवणं म्हणजे व्यवस्था. ‘कात्री कुठे आहे?’ हा प्रश्न ज्या घरात रोज एकाच व्यक्तीला विचारला जातो, ते घर कितीही चकचकीत असलं तरी अव्यवस्थित आहे. आणि वस्तूंनी खच्चून भरलेल्या घरात पाहुण्यालाही न विचारता कात्री सापडत असेल, तर ते घर व्यवस्थित आहे, मग छायाचित्रात ते कसंही दिसो.

पसाऱ्याने ताण वाढतो म्हणणारे ज्या अभ्यासाचा वारंवार दाखला देतात, तो लॉस एंजेलिसमध्ये झाला आणि २०१० साली प्रसिद्ध झाला. डार्बी सॅक्सबी आणि रीना रेपेटी यांनी नवरा-बायको दोघंही नोकरी करतात अशा ३० जोडप्यांना, म्हणजे ६० जणांना, आपलं घर कॅमेऱ्यापुढे फिरून दाखवायला सांगितलं. पसारा, अर्धवट राहिलेली कामं या अर्थाचे शब्द कोणी किती वापरले ते मोजलं, आणि दिवसभरात लाळेतल्या कॉर्टिसॉलचे, म्हणजे ताणाशी निगडित संप्रेरकाचे, नमुने घेतले. हे संप्रेरक एरवी सकाळी वर असतं आणि संध्याकाळपर्यंत उतरतं. ज्या बायकांच्या बोलण्यात असे शब्द जास्त होते, त्यांच्यात हा उतार सपाट आढळला, आणि दिवस सरेल तसतसं त्यांचं मनही खिन्न होत गेलं. यावरचा आक्षेप उघड आहे: पसाऱ्याने खिन्नता आली की खिन्न माणसाला घर पसरलेलं दिसलं? शिवाय माणसं साठच, तीही एकाच शहरातली. हा आक्षेप मी पूर्ण मान्य करते. नैराश्यात घर आवरणं सुटतं हेही खरं. तिथे पसारा हे दुखण्याचं लक्षण असतं आणि अशा माणसाला ‘आधी घर आवर, बरं वाटेल’ असं सांगणं म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

पण या अभ्यासातल्या दोन बारकाव्यांकडे सहसा कोणाचं लक्ष जात नाही. संशोधकांनी वस्तू मोजल्या नव्हत्या, शब्द मोजले होते. आणि निष्कर्ष ठळकपणे निघाला तो बायकांच्या बाबतीत. घर तेच, सोफ्यावरचा कपड्यांचा ढीग तोच. पसारा नुसता डोळ्यांना खुपत असता, तर नवऱ्यालाही तितकाच खुपायला नको होता का? मला याचा सरळ अर्थ असा वाटतो: त्या ढिगात एकाला कपडे दिसतात आणि दुसरीला काम दिसतं. घड्या घालायच्या, कोणाचं कोणत्या कपाटात ते आठवायचं, तुटलेल्या बटणाचं लक्षात ठेवायचं. थकवा येतो तो या न संपणाऱ्या यादीने. मग ढीग कपाटात कोंबून दार लावल्याने यादी कमी होईल का?

पसाऱ्याच्या बाजूचा सगळ्यात भक्कम युक्तिवाद मात्र त्या बाजूचे लोकसुद्धा नीट मांडत नाहीत, म्हणून तो मीच मांडते. १९८३ साली टॉम मॅलोन यांनी कार्यालयात काम करणारी माणसं आपली टेबलं कशी लावतात याचा अभ्यास केला. टेबलावरचा ढीग नुसता साठा नसतो, तो आठवण करून देण्याचंही काम करतो, हे त्यांच्या लक्षात आलं. कागद समोर ठेवला जातो कारण त्याचं काय करायचं ते अजून ठरलेलं नसतं, आणि फाइलीत घातला की तो विसरला जाणार हे माणसाला ठाऊक असतं. पुढे २००१मध्ये स्टीव्ह व्हिटेकर आणि जूलिया हिर्शबर्ग यांनी कार्यालय हलवताना लोक कोणते कागद टाकतात आणि कोणते बरोबर नेतात ते पाहिलं. अपेक्षा अशी की फायली लावणाऱ्यांकडे कमी आणि नेमके कागद असतील. निघालं उलटंच. फायली लावणाऱ्यांचाच साठा मोठा होता आणि त्यांचा त्या साठ्याला हात कमी लागत होता. कागदाचं मोल कळायच्या आधीच त्यांनी तो फाइलीत घातला होता आणि एवढी मेहनत घेतल्यावर तो टाकवत नव्हता. ढीग करणाऱ्यांचे निरुपयोगी कागद तळाशी जात आणि तिथूनच बाहेर पडत.

संगणकशास्त्रातही याला आधार आहे. वापरलेली वस्तू प्रत्येक वेळी यादीत सगळ्यात पुढे आणून ठेवायची, बाकी काही लावायचं नाही, असा एक साधा नियम आहे. पुढे काय लागणार हे आधीच माहीत असणाऱ्या एखाद्या सर्वज्ञाने यादी लावली, तरी या साध्या नियमाने शोधायला त्याच्यापेक्षा फार तर दुप्पटच श्रम पडतात, हे डॅनियल स्लेटर आणि रॉबर्ट टार्जन यांनी १९८५मध्ये गणिताने दाखवलं. टेबलावरचा ढीग नेमका असाच चालतो: काढलेला कागद वाचून वरच ठेवला जातो, त्यामुळे नेहमीचे कागद आपोआप वर राहतात. तेव्हा ‘माझ्या पसाऱ्यात मला सगळं सापडतं’ ही फुशारकी नव्हे, बहुतेक वेळा ते खरंच असतं.

घोडं अडतं ते ‘मला’ या शब्दाशी. ढिगाची ही सगळी हुशारी एक माणूस आणि एक ढीग यांच्यापुरती आहे. त्याच ढिगात चार जण हात घालू लागले की काय होतं? एकाने वर ठेवलेलं दुसऱ्याच्या वस्तूखाली जातं, तिसरा मधूनच उपसतो, आणि वर काय आहे यावरून कोणाला काहीच कळत नाही. एकट्याच्या टेबलाचा कायदा चौघांच्या घराला लावला की घर मोडतं, आणि मग त्या चौघांपैकी एकजण चालताबोलता शोधयंत्र होतो. म्हणून स्वतःचं टेबल, स्वतःचा खण, पलंगाशेजारची स्वतःची जागा जशी हवी तशी पसरलेली ठेवण्याचा प्रत्येकाला हक्क असावा आणि त्यात दुसऱ्याने हातही घालू नये, या मताची मी आहे. सामाईक जागेचा न्याय वेगळा.

पसारा आणि प्रतिभा यांच्या नात्याबद्दल थोडक्यात. अलेक्झांडर फ्लेमिंग १९२८ साली सुटीवरून परतले तेव्हा न आवरलेल्या बश्यांपैकी एकीत बुरशी आलेली दिसली आणि पेनिसिलिन सापडलं, ही गोष्ट या वादात हमखास येते, आणि ती खरीही आहे. पण त्या बुरशीचं औषध व्हायला १९४० उजाडलं. ते काम ऑक्सफर्डला फ्लोरी, चेन आणि हीटली यांनी केलं. भांड्यांचा तुटवडा होता म्हणून त्यांनी रुग्णांच्या बेडपॅनमध्येसुद्धा बुरशी वाढवली, पण कुठल्या भांड्यात कधी काय घातलं याची शिस्त सोडली नाही. एक गोष्ट पसाऱ्याच्या बाजूने सांगायची तर दुसरीही सांगावी. आणि बक्षिसाच्या लायकीचा शोध लागावा म्हणून विजेचं बिल हरवू द्यावं, असं कोणी मनापासून म्हणत असेल असं वाटत नाही.

खरा जड आक्षेप स्त्रियांच्या बाजूने येतो. घर आवरलेलं असावं हा आग्रह शेवटी घरातल्या बाईच्या डोक्यावर जाऊन बसतो, असं इतिहास सांगतो. १८४१मध्ये अमेरिकन लेखिका कॅथरीन बीचर यांनी गृहव्यवस्थेला शास्त्राचा दर्जा मागितला. १९१२-१३च्या सुमारास क्रिस्टीन फ्रेडरिक यांनी कारखान्यातल्या हालचाली मोजण्याचं तंत्र स्वयंपाकघरात आणलं. दोघींचाही हेतू बाईचे श्रम वाचवण्याचा होता. वाचले का? जोअॅन व्हॅनेक यांनी १९७४ साली अमेरिकेतली जुनी सर्वेक्षणं पडताळली. नोकरी न करणाऱ्या गृहिणी १९२०च्या दशकात आठवड्याला साधारण ५२ तास घरकाम करत होत्या. घरात यंत्रं येऊन स्थिरावल्यावर, १९६०च्या दशकात, ५५ तास! रूथ श्वार्ट्झ कोवन यांनी १९८३मध्ये त्याचं कारण तपशीलवार मांडलं: यंत्राने एकेक काम हलकं केलं, पण स्वच्छतेची अपेक्षा त्याहून वेगाने वाढली, आणि पूर्वी पुरुष, मुलं, नोकर यांच्यात वाटली जाणारी कामं एकटीकडे आली. आजचे एकसारखे डबे आणि उभ्या घड्या हा त्याच अपेक्षावाढीचा पुढचा हप्ता नाही, असं कोण म्हणेल?

फ्रँकफर्टचं स्वयंपाकघर हे याचं सगळ्यात बोलकं उदाहरण. वास्तुरचनाकार मार्गारेटे श्युटे-लिहोट्झकी यांनी १९२६मध्ये, रेल्वेच्या भोजनडब्याची आखणी डोळ्यापुढे ठेवून, साधारण १.९ मीटर रुंद आणि ३.४ मीटर लांब अशी एक खोली रचली. सरकत्या दाराने ती जेवणाच्या खोलीला जोडली. कोरड्या जिन्नसांसाठी नावं कोरलेले अॅल्युमिनियमचे खण बसवले. पिठासाठी मुद्दाम ओकचा खण केला, कारण त्या लाकडाजवळ किडे येत नाहीत. अशी सुमारे १०,००० स्वयंपाकघरं बांधली गेली. पाऊल वाचवण्याच्या दृष्टीने ती रचना आजही शिकण्यासारखी आहे. (बाईंनी पुढे मोकळेपणाने सांगितलं की ते रचण्यापूर्वी आपण स्वतः कधी स्वयंपाक केलेला नव्हता.) पण त्या खोलीत दुसरं माणूस मावत नव्हतं. नवरा मावत नव्हता, मूल मावत नव्हतं, हाताखाली कोणी येऊ शकत नव्हतं. हालचाल वाचली आणि बाई एकटी पडली, ही टीका पुढे स्त्रीवाद्यांनी केली आणि ती रास्त होती.

या आक्षेपातून मी निष्कर्ष काढते तो मात्र व्यवस्था सोडून देण्याचा नाही. चूक मोजमापात होती. बीचरपासून फ्रँकफर्टपर्यंत सगळ्यांनी एका बाईची पावलं मोजली. ‘हे काम आणखी किती जणांना करता येतं?’ हे मोजायचं राहून गेलं. हाच प्रश्न फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८६०च्या सुमारास रुग्णसेवेबद्दल लिहिताना मध्यभागी ठेवला होता: तुम्ही हजर असताना जे होतं ते तुम्ही नसतानाही झालं पाहिजे, अशी तजवीज जमली नाही तर बाकीची सगळी सेवा वाया. घरात ही कसोटी लावून पाहा. जी व्यक्ती घर चालवते ती चार दिवस बाहेरगावी गेली आणि तिला वस्तूंच्या जागा विचारणारा एकही फोन गेला नाही, तर व्यवस्था आहे. फोन सुरू झाले, तर आजवर जे चाललं होतं ती त्या व्यक्तीची स्मरणशक्ती होती. पसारा मिरवणाऱ्यांना हे टोचायला हवं, कारण ‘असू दे पसारा’ असं म्हणायची चैन बहुधा ज्याला कात्री शोधून दिली जाते त्यालाच परवडते.

आता ही माहिती जागेत उतरवायची कशी? इथे बहुतेक सल्ले उलट्या टोकाने सुरू होतात: आधी डबे घ्या. त्याआधी एक आठवडा काहीच हलवू नये, फक्त पाहावं. वस्तू कुठे साचतात? दाराजवळच्या खुर्चीवर पिशव्या, जेवणाच्या टेबलाच्या कोपऱ्यावर पत्रं आणि चार्जर, न्हाणीघराबाहेर कपडे. माळरानावर लोक चालतात तिथेच पायवाट पडते, आखलेला रस्ता पलीकडे असला तरी. घरातले ढीग म्हणजे अशाच पायवाटा. खुर्चीवर पिशव्या साचत असतील तर त्या पिशव्यांची जागा दाराजवळच आहे, आतल्या खोलीतल्या कपाटात नाही. तिथे खुंट्या ठोका: मोठ्यांसाठी जमिनीपासून साधारण दीड मीटरवर, लहान मुलांसाठी ९० ते १०० सेंटिमीटरवर. मुलांची खुंटी मोठ्यांच्या उंचीवर ठोकायची आणि मग दप्तर जमिनीवर टाकलं म्हणून ओरडायचं, हा आपला नेहमीचा न्याय.

दुसरी गोष्ट, काढण्याचे श्रम मोजू नका, परत ठेवण्याचे मोजा. वस्तू हवी असते तेव्हा माणूस तीन डबे उपसतो. गरज भागल्यावर तेच श्रम पुन्हा करायला कोणी तयार नसतं. तीच कात्री घ्या. ती कपाटात, वरच्या फळीवर, शिवणाच्या डब्यात, त्या डब्यावर दुसरा डबा. परत ठेवायचं तर दार उघडणं, वरचा डबा उतरवणं, झाकण काढणं, कात्री ठेवणं, झाकण, वरचा डबा, दार: सात हालचाली. कात्री जवळच्या सपाट जागेवर पडते यात बेशिस्त कुठली आली? अनुभवाचा ठोकताळा असा, की रोजची वस्तू दोन हालचालींत जागेवर जायला हवी: खण ओढा, ठेवा. किंवा एकीत: खुंटीला अडकवा. झाकण ही एक हालचाल, एकावर एक रचलेले डबे ही दुसरी. रोजच्या वस्तूंच्या डब्यांची झाकणं सरळ काढून टाकावीत. झाकणं धूळ खाणाऱ्या, वर्षातून दोनदा लागणाऱ्या सामानाला. आणि कात्री दोन-तीन ठिकाणी लागत असेल तर दोन-तीन कात्र्या ठेवाव्यात. वस्तू कमी करा म्हणणाऱ्यांना हे रुचणार नाही, पण एक वस्तू वाचवायला रोज घरभर काखेत कळसा आणि गावाला वळसा कशासाठी?

कपाट किती खोल असावं याचं गणित बहुतेक घरांत चुकलेलं असतं. टांगलेल्या कपड्यांना ५५ ते ६० सेंटिमीटर खोल कपाट लागतं. पुस्तकांना २५ ते ३० पुरतात. औषधं, सेल, दोरे अशा बारीक सामानाला १५ ते २०. पण कपाटं सरसकट ६० खोल करून घेतली जातात आणि मग फळीवर दोन-तीन रांगा लागतात. मागची रांग दिसत नाही. दिसत नाही म्हणून तीच वस्तू पुन्हा आणली जाते. नवी पुढे बसते आणि मागची मुदत उलटून सडते. फळी बदलता येत नसेल तर तिच्या खोलीएवढा लांबट ट्रे बसवून तो खणासारखा पूर्ण बाहेर ओढावा. मात्र माप दाराच्या चौकटीचं घेऊ नये. बिजागरीमुळे उघडलेलं दार आतल्या बाजूला दोन-तीन सेंटिमीटर जागा खातं आणि त्या मापाने आणलेला ट्रे दाराला अडकतो. रोजचं सामान ७० ते १४० सेंटिमीटरच्या पट्ट्यात, जड सामान कमरेच्या आसपास किंवा खाली, डोक्याच्या वर फक्त हलकं आणि क्वचित लागणारं. फळी चार-पंचमांशच भरावी. ठासून भरलेल्या फळीत वस्तू परत ठेवताना आधी दुसरी हलवावी लागते, म्हणजे पुन्हा एक हालचाल वाढली.

डबे शेवटी. दोन-तीन आठवडे रिकाम्या खोक्यांवर भागवावं. जागा चुकीची ठरली तर खोकं फेकून देता येतं, विकत आणलेला डबा मात्र ‘एवढा आणलाय’ म्हणून चुकीच्याच जागी राहतो. नावाची चिठ्ठी झाकणावर कधीच लावू नये, एकाच मापाची झाकणं आठवड्याभरात अदलाबदल होतात. ती डब्याच्या अंगावर लावावी आणि तेच नाव फळीच्या कडेवरही. डबा काढून नेला की रिकामी फळीच सांगते इथे काय यायचं. नावं ढोबळ ठेवावीत. ‘विजेचं सामान’ चालतं. ‘लहान सेल’, ‘मोठे सेल’, ‘जुन्या फोनच्या वायरी’, ‘पाहुण्यांचे चार्जर’ अशी वीस नावं केली की ती लावणाऱ्यालाच कळतात आणि घर परत त्याच्या डोक्यावर येतं. एक ‘इतर’ खण असू द्यावा, पण एकच, आणि उथळ, दहा सेंटिमीटरपेक्षा खोल नाही.

ग्रंथालयांकडून एक युक्ती घेण्यासारखी आहे. वाचून झालेलं पुस्तक स्वतः फळीवर ठेवू नका, टेबलावर किंवा ढकलगाडीवर राहू द्या, अशी सूचना अनेक ग्रंथालयांत असते. कारण टेबलावरचं पुस्तक फक्त जागेबाहेर असतं, चुकीच्या फळीवर घातलेलं हरवलेलं असतं. घरातही प्रत्येक माणसाच्या नावाची एक उघडी टोपली असावी. कोणाचीही इकडेतिकडे पडलेली वस्तू दिसली की ज्याने-त्याने ती मालकाच्या टोपलीत टाकावी, आपल्या अंदाजाने कपाटात घालू नये. टोपली भरली की रिकामी मालकाने करायची. न केल्यास त्याचं त्याला अडतं, दुसऱ्या कोणाचं नाही. आवरण्यावरून घरोघरी होणारी अर्धी भांडणं ‘माझी वस्तू तू कुठे ठेवलीस?’ या एका वाक्यापासून सुरू होतात, ती अशाने तरी टळतात.

टाकून देण्याबद्दल मी मुद्दाम उशिरा बोलते आहे, कारण त्याचं महत्त्व फार फुगवलं गेलंय. निम्म्या वस्तू टाका म्हणणं ज्याला उद्या तीच वस्तू पुन्हा घेता येते त्याला सोपं. ज्याला येत नाही तो जुनी दोरी, स्क्रू, काचेच्या बरण्या ठेवतो, आणि त्यात त्याचं शहाणपण असतं. दुसऱ्या टोकाला साठवणुकीचा विकार आहे, २०१३ साली मनोविकारांच्या अमेरिकी वर्गीकरणाने त्याला स्वतंत्र निदान म्हणून मान्यता दिली. तिथे नातेवाइकांनी माणूस नसताना घर रिकामं केलं तर दुखणं चिघळतं, माणसाचा विश्वास जातो आणि साठा पुन्हा उभा राहतो. या दोन टोकांमधल्या आपल्यासारख्यांना एक मर्यादा पुरते: या प्रकारच्या वस्तूंना इतकी जागा. ती भरली की काय जायचं ते ठरवायचं. वस्तूशी भांडण्यापेक्षा जागेची हद्द आखणं सोपं असतं.

आणि जिथे जागाच नाही तिथे? एका खोलीत पाच-सहा माणसं राहत असतील तर वर सांगितलेल्या कुठल्याही युक्तीने त्यांना स्वास्थ्य मिळणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८च्या निवास-मार्गदर्शक तत्त्वांत गर्दीला आरोग्याचा धोका म्हटलंय. तो प्रश्न घरबांधणीचा आहे, खणांचा नाही. अशा कुटुंबाला टापटिपीचे धडे देणं हा उद्धटपणा आहे, आणि आवरणाऱ्यांच्या पक्षाकडून तो सर्रास होतो. लहान जागेत सामान उंचावर चढवा हा सल्लाही अर्धाच असतो. उंच कपाट वरच्या बाजूने भिंतीला पट्टीने जखडलं नाही आणि जड सामान वर ठेवलं, तर खण ओढून त्यावर चढणाऱ्या मुलाच्या अंगावर ते कोसळतं. बाहेरच्या गार भिंतीला कपाट अगदी टेकवलं तर मागे हवा खेळत नाही आणि बुरशी धरते, चार-पाच सेंटिमीटर फट सोडावी लागते. औषधं न्हाणीघरातल्या आरशामागे ठेवायची सवय दमटपणामुळे वाईट, आणि सफाईचं रसायन पाण्याच्या किंवा सरबताच्या रिकाम्या बाटलीत भरून ठेवणं तर जीवघेणं. घर दिसायला कसं आहे या वादात हे मुद्दे कधी येतच नाहीत.

सुरुवातीला कार्यकारणाचा आक्षेप मान्य केला होता. त्याला उत्तर देणारा ठोस पुरावा हवा असेल तर तो मनःशांतीच्या क्षेत्रात न शोधता वृद्धांच्या पडण्यात शोधावा. पडण्याने जगभरात वर्षाला अंदाजे ६,८४,००० माणसं मरतात. घरातले धोके काढल्याने हे पडणं कमी होतं का, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखी गटवाटणी करून केलेल्या प्रयोगांतून तपासलं गेलंय, त्यामुळे ‘आधी काय आणि नंतर काय’ हा घोळ तिथे उरत नाही. असे अभ्यास एकत्र करणारा, वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या कोक्रेन संस्थेचा आढावा २०२३ साली आला. घरातले अडथळे दूर केल्याने पडण्याचं प्रमाण २६ टक्क्यांनी कमी झालं. आधी पडलेल्या किंवा रोजच्या व्यवहारात मदत लागणाऱ्या, म्हणजे जास्त धोक्यातल्या, माणसांमध्ये ३८ टक्क्यांनी. ज्यांना विशेष धोका नव्हता त्यांच्यात फरक दिसला नाही. म्हणजे व्यवस्थेचा लाभ सरसकट सगळ्यांना सारखा नसतो. ज्याचं शरीर, नजर किंवा आठवण कमी पडतेय, त्याला तो सगळ्यात जास्त.

दूर करायचे हे धोके अगदी साधे असतात: घसरणारे पायपुसणे, वाटेतल्या वायरी, अंधारा जिना, कठडा नसलेली पायरी, पलंगापासून हाताच्या अंतरावर नसलेला दिवा. पण ते दूर करतानाही एक गोष्ट वारंवार बिघडते. मुलगा किंवा सून येते, म्हाताऱ्या माणसाला न विचारता गालिचा गुंडाळून माळ्यावर टाकते आणि रोजच्या वस्तू ‘सुरक्षित’ म्हणून दुसऱ्या कपाटात हलवते. आठवड्याभरात गालिचा परत येतो, कारण फरशी पायाला गार लागते. आणि हलवलेला चष्मा शोधायला ते माणूस रात्री अंधारात उठतं. आधी विचारायला हवं: रात्री उठल्यावर पहिला हात कुठे जातो? गालिचा कशासाठी लागतो? मग त्याच जागी खालून न सरकणारी जाळी लावून चारही कडा चिकटवता येतात, पायाला मोजे देता येतात आणि चष्मा जिथे होता तिथेच राहू देता येतो.